मोहाच्या पानांआड

माझ्या सासरच्या घराच्या मावळतीला, वीस-बावीस पावलांवर, एक मोहाचं झाड होतं. झाड आमचं नव्हतं, शेजारच्या मावशीचं होतं. आमचं अंगण संपलं की बांध, आणि बांधापलीकडे तिची जागा. तिथेच ते उभं होतं. दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा बुंधा. मुरबाडच्या रस्त्यावरचं वैशाखरे गाव सोडून आमच्या गावाकडे वळलं की आधी ते झाड दिसायचं, मग त्याच्यामागून आमची कौलं. लग्न होऊन मी आले तेव्हा मला ते आवडलं होतं. उन्हाळ्यात दुपार कलली की त्याची सावली आमच्या पडवीपर्यंत पोचायची.

सासऱ्यांना मी बाबा म्हणायचे. गावात रोज वर्तमानपत्र वाचणारा तो एकच माणूस. सकाळच्या एसटीचा कंडक्टर पेपर टाकून जायचा आणि बाबा देवळाच्या ओट्यावर बसून तो मोठ्याने वाचायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं ते ऐकायला यायचे, ज्यांना येत होतं तेही यायचे. माझी मुलगी दोन वर्षांची असताना बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पेपर समोर धरला तर डोळे त्यावरून फिरायचे, पण अक्षरं लागत नसावीत, कारण थोड्या वेळाने ते डाव्या हाताने तो बाजूला ढकलायचे. समजत मात्र सगळं होतं. कोण आलं, कोण काय बोललं, सगळं.

नवरा मुरबाडला कारखान्यात कामाला होता. त्याने त्यांच्यासाठी टीव्ही आणला, काळा-पांढरा, एसटीत मांडीवर घेऊन. ती होळीच्या आसपासची गोष्ट. कौलांवर बांबू उभा करून अँटेना बांधली, तोंड मुंबईकडे केलं आणि चित्र स्वच्छ आलं. बाबांची खाट पडवीत होती. दारातून टीव्ही दिसेल अशी आम्ही ती फिरवली. संध्याकाळी मराठी बातम्या लागल्या की ते डोकं थोडं उचलून बघायचे. बातम्या संपल्या की स्वतःहून जेवण मागायचे, ताटाकडे बोट करून. आजारपणात पहिल्यांदाच ते काही मागत होते.

दोन महिने असे गेले. मग चित्रात मुंग्या यायला लागल्या. आधी थोड्या, मग इतक्या की बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा दिसेना, नुसता आवाज यायचा. पाऊस लागला तसा आवाजही फाटला. टीव्ही बिघडला असं आम्हाला वाटलं. नवऱ्याने वायर बदलली, अँटेनाच्या दांड्या घासल्या, बूस्टर आणून लावला. बूस्टरने मुंग्याच जास्त ठळक झाल्या.

एका संध्याकाळी वारं होतं. पाऊस थांबलेला. मी पडवीत बसून तांदूळ निवडत होते आणि एक डोळा टीव्हीवर होता. चित्र यायचं, जायचं. अंगणापलीकडे मोह एका बाजूला झुकला की यायचं, परत सरळ झाला की जायचं. मी बराच वेळ बघत राहिले. मग नवऱ्याला हाक मारून दाखवलं. टीव्ही घेतला तेव्हा झाड उघडं होतं, फुलावर आलेलं, अंगावर एक पान नव्हतं. चैत्र सरता सरता त्याला पालवी फुटली. तांबूस होती ती हिरवी झाली, मग दाट झाली, आणि आता पावसाने भिजून जड झाली होती. मुंबई बरोबर त्याच्या मागे होती.

झाडामुळे चित्र जातं, हे आमच्या घरात पहिल्यांदा मी बोलले. हे मला सांगायलाच हवं.

चित्र गेलं की बाबा डाव्या हाताची मूठ भिंतीवर आपटायचे. हळू, पण थांबायचे नाहीत. सारवलेल्या भिंतीला तिथे खळगा पडला होता. जेवण पुढे केलं तर तोंड मिटून घ्यायचे. नवरा पाळीवरून दमून यायचा आणि तसाच कौलांवर चढायचा. खाली मी टीव्हीपुढे, वर तो, मध्ये बाबांची मूठ. त्याने बांबूला बांबू जोडला. श्रावणातल्या एका झडीत तो जोड-बांबू कोसळला, दहा-बारा कौलं फुटली आणि आम्ही सगळे एका कोपऱ्यात खाटा ओढून बसलो. त्या दिवशी त्याने झाडाकडे बघून जे तोंड केलं ते मी पाहिलं.

आता मावशीबद्दल. ती वरच्या पाड्यातली, लग्न होऊन खाली आलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगा होता, तो वीटभट्टीवर कामाला जायचा आणि पावसाळ्यातच घरी दिसायचा. बाईला दोन वाफे भात होतं, थोडी नाचणी आणि हे झाड. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडायचा. ती ओच्यात वेचायची, वाळवायची, मुरबाडच्या बाजारात न्यायची. बियांचं तेल काढायची, ते वर्षभर पुरायचं. फुलाच्या दिवसांत तिच्या अंगणातून येणारा वास आमच्या घरात भरून राहायचा.

माझ्या मुलीच्या वेळी गाडी वेळेवर मिळाली नव्हती. ओढ्याला पाणी होतं. मावशी माझ्याजवळ बसून होती. ती सारखं काहीतरी बोलत होती, तिच्या घरच्या बोलीत, मला निम्मं कळत नव्हतं, पण तिचा आवाज थांबला नाही एवढं आठवतं. त्यानंतर त्या गावात माझं म्हणावं असं माणूस तीच होती. दुपारी आम्ही बांधावर बसायचो, ती तिच्या बाजूला, मी माझ्या.

नवऱ्याने तिला पहिल्यांदा विचारलं ते फांद्यांबद्दल. आमच्या बाजूच्या फांद्या कापल्या तर बाबांना टीव्ही दिसेल, म्हणाला. मावशीने थोडा विचार केला आणि कोयता घेऊन स्वतः वर चढली. पन्नाशीला आलेली बाई. दोन मोठ्या फांद्या तिने उतरवल्या. मग पडवीत येऊन बाबांच्या खाटेशी उभी राहिली आणि चित्र येतंय का ते बघितलं. आलं होतं, पुरेसं. बाबांनी डावा हात कपाळाला लावला.

पण फांदी कापली की झाड तिथून दुप्पट फुटतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्या जागी असा झुपका आला की आधीचं बरं होतं असं वाटावं. नवरा पुन्हा गेला. या वेळी झाडच काढायचं बोलला. लाकूड तिचं, तोडायची मेहनत आमची, परवानगीचे कागद आम्ही करू. मी बांधाशीच उभी होते.

मावशी म्हणाली, "तोडायचं नाय. फांद्या माग, देईन. झाड नको मागू."

तो आणखी काही बोलत राहिला, बाबांचं, त्यांच्या जेवणाचं. ती ऐकत राहिली. परत येताना तो माझ्याकडे न बघता घरात गेला. त्या वर्षी पावसाळाभर बाबा खंगले. डॉक्टरांनी अन्न पोटात गेलं पाहिजे असं सांगितलं होतं, आणि ते चार घास खात होते. कधी तेही नाही. नवऱ्याचं घरातलं बोलणं कमी होत गेलं.

थंडीतला एक रविवार. मावशी बाजाराला गेली होती. गावातली निम्मी माणसं गवत कापायला रानात होती. मी विहिरीवरून हंडा घेऊन येत होते. आमच्या घराला वळसा घातला तर मोहाच्या बुंध्याशी नवरा गुडघ्यावर बसलेला. हातात गिरमिट होतं, लाकडाला भोक पाडायचं. मातीलगत, एका हाताच्या अंतराने, त्याने भोकं पाडली होती. शेजारी कागदाच्या पुडीत मोरचुदाचे निळे, विषारी खडे. एकेका भोकात तो ते काडीने कोंबत होता आणि वरून ओली माती लिंपत होता. त्याची बोटं निळी झाली होती.

त्याने मान वर केली. "आत जा," म्हणाला.

मी आत गेले. हंडा ठेवला. चूल पेटवली. ओरडले नाही, त्याचा हात धरला नाही. नंतरही मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की मी भ्याले. पण तसं नव्हतं. मला वाटलं, आता बाबा जेवतील. तेवढंच वाटलं.

संध्याकाळी टीव्ही लावला तर बाबांनी मान फिरवली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बरं नसेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. मूठ आपटणं थांबलं होतं. जेवण भरवलं की गिळायचे, पण आमच्या दोघांच्या डोळ्यांत बघायचे नाहीत.

फाल्गुनात मोहाची पानं गळाली, ती दर वर्षी गळतात. फुलं आली ती बारीक, आणि पिकायच्या आधीच पडायला लागली. मावशी वेचायची आणि हातात घेऊन बघत बसायची. चैत्रानंतर सगळ्या रानात तांबडी पालवी आली. मावशीच्या मोहाला कुठे कुठे आली, बोटभर वाढली आणि वाळली. वैशाखात ते झाड जसंच्या तसं उघडं होतं. टीव्हीचं चित्र इतकं स्वच्छ की बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातलं दिसत होतं. बाबा भिंतीकडे तोंड करून होते.

मी दुपारी बांधावर बसणं टाळायला लागले होते. काहीतरी काम काढायचे. एका दुपारी मावशीच आमच्या पडवीत आली. हातात मातीचा वाळका गोळा होता, एका बाजूने निळसर. तिने तो माझ्यापुढे धरला. बुंध्याभोवती मुंग्या चढत होत्या म्हणून माती उकरली तर आत भोकं सापडली, सात, असं तिने सांगितलं. आवाज नेहमीसारखाच होता. मग तिने विचारलं, "तू दिसभर घरी असतेस. कुनी केलं, तुला काय दिसलं का गो?"

माझी मुलगी माझ्या मांडीवर होती. मी तिच्या केसांत हात घालून बसले होते.

"नाय मावशी," मी म्हटलं. "मला नाय म्हाईत."

पाठीमागे धप्प आवाज झाला. बाबांची मूठ. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा, पूर्वी कधी आपटली नव्हती इतक्या जोराने. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. बाबांचे डोळे माझ्यावर होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं. पडवीच्या जाळीतून मोहाचा बुंधा सरळ दिसतो, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. ते त्या रविवारी तिथेच पडून होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"म्हाताऱ्याला काय होतंय बघ," असं म्हणून मावशी उठली आणि गेली. तिला कळलं की नाही, मला सांगता येत नव्हतं. मला त्या दिवशी भाकरी थापता येईना.

गावात मात्र बोट दुसरीकडेच गेलं. मावशीचा धाकटा दीर सुतारकाम करायचा. तापट माणूस. मोहाच्या सावलीने आपलं भात पिकत नाही म्हणून त्याने पूर्वी कधी भर पावसात कुऱ्हाड उचलली होती, ते सगळ्यांना आठवत होतं. आणि गिरमिट त्याचंच. कुणीतरी ते आणून भोकात घालून बघितलं, बरोबर बसलं. झालं. विहिरीवर त्याच्या बायकोला वाट करून देणं बंद झालं. तिने हंडा ठेवला की बाकीच्या बायका आपले हंडे उचलून बाजूला व्हायच्या. मीही त्यांच्यात उभी होते. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. एकदा तिने माझ्याकडे बघून म्हटलं की तिचा नवरा आठ दिवस जेवलेला नाही. मी मान हलवली.

पौर्णिमेला देवळात बैठक ठरली. दिराने देवीपुढे हात ठेवून शपथ घ्यायची. आमच्याकडे शपथ म्हणजे तोंडचे शब्द नव्हेत. खोटी ठरली तर घराशी कुणी संबंध ठेवत नाही, आणि खरी ठरली तरी माणसाच्या अंगाला ती चिकटते. पुढे घरात कुणी आजारी पडलं तरी लोक तिकडेच बोट दाखवतात.

बैठकीच्या आदल्या दिवशी मुरबाडचा टीव्ही दुरुस्त करणारा आला. चित्र वर-खाली पळायला लागलं होतं म्हणून नवऱ्याने त्याला निरोप दिला होता. त्याने मागचं झाकण काढून पाच-दहा मिनिटांत काम केलं. चहा पिता पिता अंगणात आला, वर अँटेनाकडे बघितलं, मोहाकडे बघितलं आणि हसला.

"हिथं कशाला लावली? झाडाच्या तोंडासमोर?"

नवरा म्हणाला की घराचं आढं सगळ्यात उंच आहे.

"उंचीचा काय संबंध? झाड अँटेनाच्या जवळ समोर आलं की पानात सिग्नल अडतो. पानं ओली झाली की जास्तच. बाजूला सरकायचं. तुमचा गोठा कुठं आहे?"

गोठा घराच्या उत्तरेला, तीस पावलांवर. आमच्याकडची वायर तिथपर्यंत पुरत नव्हती म्हणून, आणि गोठा बुटका म्हणून, आम्हाला ते कधी सुचलंच नव्हतं. आम्ही दोन वर्षं उंचीच वाढवत राहिलो होतो. त्याने आपल्या पिशवीतून वायर काढली, आमची अँटेना उतरवली आणि गोठ्याच्या कोपऱ्याला साध्या वाशावर बांधली. तिथून मुंबईकडे बघितलं तर मोह डावीकडे राहत होता, मध्ये मोकळी शेतं. मी आत जाऊन टीव्ही लावला. चित्र आधीइतकंच स्वच्छ होतं.

"आता त्या झाडाला किती बी पानं येऊ दे," तो म्हणाला, "तुमाला फरक पडणार नाय. पन ते मेलेलं दिसतंय. काय रोग पडला का?"

नवरा गोठ्याच्या भिंतीला टेकून खाली बसला. उन्हात बसला तो बसला. टीव्हीवाला गेला तरी उठला नाही. मी पाण्याचा तांब्या नेला, तो त्याने घेतला नाही.

"उद्या बैठकीत सांगा," मी म्हटलं.

तो म्हणाला, "सांगितलं तर या गावात ऱ्हायला मिळंल का आपल्याला?"

जमीन तिथेच, बाबा तसे, मुलगी लहान. आटगावला माहेरी दोन खोल्यांत भाऊ-भावजय राहत होते. मी जे विचार करत होते तेच सगळे तोही करत असणार.

बैठक दुपार कलल्यावर सुरू झाली. पुरुष आत, बायका ओट्याखाली. ऊन भिंतीवरून सरकत होतं. मावशी खांबाशी बसली होती, पदर घट्ट धरून. गावातल्या वडीलधाऱ्यांनी दिराला विचारलं. त्याने नाही म्हटलं. गिरमिट कुणाकुणाकडे गेलं होतं, विचारलं. सुतार माणूस, तो म्हणाला, हत्यार गावभर फिरतं. त्याने चार-पाच घरं मोजली. आमचंही नाव घेतलं, अँटेनाची पट्टी बसवायला नेलं होतं म्हणून. त्याने ते सहज घेतलं, बाकीच्यांसारखंच. कुणी आमच्याकडे वळूनही बघितलं नाही. पेपर वाचून दाखवणाऱ्या माणसाचं घर. नवरा दाराशी बसला होता. त्याची मान खाली होती.

मग दिराला उठवलं. त्याने पाय धुतले. देवीपुढे निरांजन लावलं. त्याची बायको माझ्या शेजारी उभी होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता, उथळ, भरभर. दीर आत जाऊन उभा राहिला. त्याने हात पुढे केला. हात मोठा, खरखरीत, रंधा मारून घट्टे पडलेला. तो थरथरत नव्हता. मला तेच सहन झालं नाही.

मी ओट्याची पायरी चढले. बैठकीत बाई बोलत नसे, त्यामुळे आधी कुणाला कळेचना मी का चढते आहे.

"त्यांना हात ठेवायला लावू नका," मी म्हणाले. "गिरमिट आमच्याकडं होतं. भोकं आमच्या घरातनं पाडली."

आणि मग नवरा उठून उभा राहिला. माझ्याकडे बघितलं नाही त्याने. "मी पाडली," म्हणाला. "हिनं नाय. मी."

दिराने हात खाली घेतला. तो आमच्या अंगावर येईल असं मला वाटलं होतं. तो नुसता खाली बसला, देवीपुढेच, आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवून बसून राहिला.

त्यानंतर बरंच बोलणं झालं. कुणी दंड बोललं, कुणी आमचं पाणी तोडायचं बोललं. शेवटी मावशीला विचारलं, तुझं झाड, तू सांग. ती खांबाला धरून उठली. मग म्हणाली, "दंड घेऊन काय करू. मी दारात फुलं येचत होते. आता मला रानात जावं लागंल, दीड कोस. ही येईल माज्यासंगती. दर साली."

कुणीतरी म्हणालं की केलं त्याने आहे, तर त्याला ने.

"त्यानं भोकं पाडली," मावशी म्हणाली. "पन मी इचारलं तवा खोटं ही बोलली."

मला त्या वेळी वाटलं की याहून पाणी तोडलं असतं तर बरं.

घरी आल्यावर मी बाबांच्या खाटेशी बसले आणि त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ते भिंतीकडे बघत होते. सांगून झालं तरी मी तिथेच बसले होते. मग त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर आला. त्यांनी तो बराच वेळ काढला नाही. टीव्ही ते पुन्हा बघायला लागले, पण रोज नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

नवऱ्याशी गावातले पुरुष वर्षभर कामापुरतं बोलत होते. वाळलेला मोह तसाच उभा होता आणि तो मावशीच्या घरावर पडेल अशी भीती होती. तो उतरवायला दीर आणि माझा नवरा दोघेच गेले. दीर वर चढला. वाळलेली फांदी कुठे मोडेल याचा नेम नसतो. खाली दोर नवऱ्याच्या हातात होता. मी अंगणात उभी राहून बघत होते. त्या माणसाने आपला जीव माझ्या नवऱ्याच्या हातात दिला होता. तीन दिवस ते काम चाललं, आणि तीन दिवस दोघे "ओढ" आणि "सोड" याखेरीज काही बोलले नाहीत. पण चौथ्या दिवशी दिराच्या घरून आमच्याकडे कालवण आलं.

मी मावशीबरोबर रानात जायला लागले. झुंजुमुंजु व्हायच्या आत निघायचं, सिद्धगडाच्या बाजूची डोंगराची रेघ उजळायच्या आत मोहापाशी पोचायचं, कारण ऊन चढलं की फुलं सुकतात. ती पुढे, मी मागे. पहिल्या हंगामात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. झाडाखाली वेगवेगळ्या बाजूंना बसून आम्ही वेचायचो. माझं भरलं की मी तिच्या टोपलीत ओतायचे, ती मान वर करायची नाही. दुसऱ्या हंगामात "हिथं" आणि "तिथं" एवढं बोलायला लागली. एकही दिवस मी चुकवला नाही. मुलीला ताप असताना तिला नवऱ्यापाशी ठेवून गेले.

चौथ्या वर्षी, उतारावर, मावशीचा पाय मुरगळला. ती खाली बसली आणि दात आवळून घोटा दाबत राहिली. मी एक टोपली डोक्यावर घेतली, एक कमरेवर, आणि तिच्याजवळ जाऊन थांबले. हात पुढे केला नाही. तो ती धरणार नाही असं मला वाटत होतं. मग उठून तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, सगळा भार टाकून.

"हळू चल गो," म्हणाली. "घाई नाय काय."

खाली पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. वाटेत ती बोलत होती. मुलाचं लग्न ठरवायचं होतं, मुलगी वरच्या पाड्यातली होती, तिच्या आईला काय विचारायचं नि काय नाही, असं सगळं. मी ऐकत होते आणि पायांखाली बघून चालत होते.